सत्कार पुरे, पगाराचं बोला



हा लेख कौतुकाचा नाही. कौतुक करणारे पुष्कळ आहेत, त्यांचा तो धंदाच आहे. शाल त्यांची, श्रीफळ त्यांचं, माईक त्यांचा, फोटोतली मधली जागाही त्यांचीच. पोरगी कोपऱ्यात गुच्छ धरून उभी. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, 'गरिबीवर मात करून जिल्ह्याचं नाव उज्ज्वल केलं.' गरिबीवर मात करायची पोरीनं, आणि नाव उज्ज्वल व्हायचं जिल्ह्याचं. मग जिल्ह्यानं काय केलं? जिल्ह्यानं शाल दिली.

पायल रमेश बसुदे. गोलकीपर. राहणार कळंब. धाराशिवकडचं कळंब नव्हे, यवतमाळचं. चिंतामणीचं कळंब. देवळातल्या कुंडात पाणी चढतं म्हणून लोक लांबून बघायला येतात ते. यवतमाळहून वर्ध्याकडे निघालं की वाटेत लागतं. काळी माती, कपाशी, तूर, सोयाबीन, आणि सोबत त्या मातीचं जे काही नशीब आहे ते. याच जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करता करता विष अंगात भिनून वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले. रेल्वे कळंबला पोचली २८ फेब्रुवारी २०२४ ला. त्या दिवशी वर्धा-कळंब गाडीला यवतमाळच्या सभेतून हिरवा झेंडा दाखवला. असल्या गावातून एक पोरगी उठते आणि जून २०२५ मध्ये भारताच्या संघात बसून थायलंडला जाते. गोलकीपर म्हणून.

तिथं काय झालं ते आधी आकड्यात सांगतो, कारण पेपरात ते क्रिकेटच्या खाली दोन बोटं छापून आलं होतं. २३ जूनला मंगोलियावर १३-०. २९ जूनला तिमोर-लेस्तेवर ४-०. २ जुलैला इराकवर ५-०. ५ जुलैला यजमान थायलंडवर २-१, दोन्ही गोल संगीता बासफोरचे. थायलंड तेव्हा जागतिक क्रमवारीत ४६ वा होता, आपण ७० वे. चार सामने, चोवीस गोल केले, खाल्ला एक. ऑस्ट्रेलियातल्या २०२६ च्या आशिया कपाचं तिकीट पक्कं. पात्रता सामने खेळून, लढून आत शिरण्याची भारतीय महिला संघाची ही पहिली खेप.

चार सामन्यांत एकच गोल खाल्ला, हे वाक्य परत वाचा. गोल मारणारीचं नाव मी लिहिलं, तुम्ही ते वाचलं. गोल न होऊ देणाऱ्यांचं नाव कुणी लिहीत नाही. जे झालं नाही त्याचा फोटो निघत नसतो.

गोलकीपरच्या धंद्याबद्दल थोडं बोलू, कारण आपल्या पोरांनाही त्यातलं कमीच ठाऊक आहे. चोवीस फूट रुंद, आठ फूट उंच तोंड. पाच-साडेपाच फुटांच्या बाईनं ते राखायचं. पेनल्टी बारा यार्डांवरून, म्हणजे छत्तीस फुटांवरून मारतात. चेंडू पायातून सुटल्यावर बघून मग उडी घेतली तर उशीरच होतो, म्हणून मारणारीचा खांदा, कंबर, पावलाचा रोख वाचून आधीच ठरवावं लागतं. चुकलं तर हजारो लोकांसमोर चुकलं. पुढं खेळणारीनं दहा संधी घालवल्या आणि अकरावी साधली तर ती हिरॉईन. गोलकीपरनं दहा अडवले आणि अकरावा सुटला तर 'हिच्यामुळं हरलो.' आता १ जुलै २०२५ पासून नवा नियम, चेंडू हातात आठ सेकंदांपेक्षा जास्त धरला तर समोरच्याला कॉर्नर. श्वास घ्यायचा तोसुद्धा मोजून.

आणि ही सगळी उडी-पडी कुठं शिकायची? हिरवळीवर? विदर्भातल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात बोटभर भेगा पडतात. ढेकूळ दगडासारखं. एकदा अंग टाकलं की कोपर, कुल्ला, गुडघा सोलून निघतो. पावसाळ्यात तीच माती चिखल होऊन पायात किलो-किलो चिकटते. पुढं खेळणारी पोरगी खराब मैदानावर निदान पळायला तरी शिकते. गोलकीपरला पडणंच शिकायचं असतं, आणि कुठल्या जमिनीवर पडायचं हे तिच्या बापाच्या खिशावर ठरतं. हातमोजे आणा, चार महिन्यांत त्यांचा रबर जातो, पुन्हा आणा. गोलकीपरला शिकवणारा कोच वेगळा लागतो. तालुक्याच्या गावात कोचच नाही, तर हा वेगळा कुठून यायचा.

गल्लीत गोलात कुणाला उभं करतात ते आठवा. ज्याच्या पायात बूट नाही त्याला. जो लहान आहे, लठ्ठ आहे, ज्याला कुणी आपल्या बाजूला घेत नाही त्याला. 'तू गोलात जा.' ही काही बढती नव्हे. माझ्या धाकट्या बहिणीला असंच गोलात टाकलं होतं, कारण पोरांना दोन चपलांमधला चेंडू अडवायला कुणीतरी हवं होतं. ती अडवायला लागली. मग चिडली पोरं. शाळेत पोरींचा संघ निघाला तेव्हा तिथल्या मास्तरानं सांगितलं, बूट नसतील तर ग्राउंडवर यायचं नाही. शाळेचं नाव लिहीत नाही, अशा शाळा गल्लोगल्ली आहेत. बापाचं म्हणणं, 'पोट्टी चड्डी घालून खेळन का आता? कायले पाह्यजे हे?' बूट आले नाहीत, संघ गेला. आज ती एका पॅकिंगच्या कारखान्यात बारा तास उभी असते. तिथं मात्र तिच्या चपळ हातांचं सुपरवायझरला फार कौतुक.

सांगायचं हे, की एक पायल बसुदे संघाच्या यादीत पोचली म्हणजे रस्ता झाला असं नाही. नदीला पूल नसताना एखादी पोहून पलीकडे गेली, तर पूल बांधायची गरज नाही असं सिद्ध होतं का? पण आमच्याकडे होतं. आमदार-खासदार, शिक्षणसम्राट, क्रीडासंघटक सगळे काठावर जमतात, टाळ्या वाजवतात आणि म्हणतात, बघा, जिद्द असेल तर पूल लागत नाही! असले भाषणबाज बुडणाऱ्यांची संख्या कधी मोजत नाहीत.

आता पैशाचं. इथं सगळ्यांचे आवाज बारीक होतात.

मार्च २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं जाहीर केलं, की २०२३-२४ पासून भारतीय महिला लीगमधल्या प्रत्येक क्लबनं किमान दहा भारतीय खेळाडूंना वर्षाला कमीत कमी ३ लाख २० हजार रुपये द्यावेत. वाचायला बरं वाटतं. भागाकार करा, महिन्याला सव्वीस हजार सहाशेच्या आसपास पडतात. गोदीत ठेकेदाराकडं राबणाऱ्याला हा आकडा मोठा वाटेल, मलाही वाटला. पण गोदीतला माणूस आकड्याच्या आधी एक प्रश्न विचारतो. कुणाला? दहा जणींना. आणि मैदानात उतरतात किती? अकरा. क्लबात असतात किती? वीस-पंचवीस. म्हणजे अकरावीसुद्धा हमीच्या बाहेर! मग दुसरी गोलकीपर, तिसरी गोलकीपर यांचं काय? ज्यानं दहाचा आकडा काढला त्याला फुटबॉलचा संघ कितीचा असतो हे कुणीतरी शिकवायला पाहिजे होतं.

दुसरा प्रश्न, किती दिवस? २०२४-२५ च्या लीगमध्ये आठ संघ होते. प्रत्येकाला चौदा सामने. जानेवारीत सुरू, एप्रिलमध्ये खलास. उरलेलं वर्ष शरीर कोण पोसतं? गोलकीपरचं अंग म्हणजे गंजू न देण्याची वस्तू. रोज उडी, रोज पडणं, रोज पोटभर खाणं. अंडी, दूध, मटण हे लीग संपली म्हणून फुकट मिळत नाही.

तिसरा प्रश्न, कुठं? त्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. बंगालचे दोन, ओडिशाचे दोन, केरळ, कर्नाटक, तामिळनाडू, दिल्ली. पहिल्या नंबरवर ईस्ट बंगाल. आणि आमचा महाराष्ट्र? मुंबईत कूपरेज आहे, तिथं १८९१ पासूनचा रोव्हर्स कप वर्षानुवर्षं खेळला गेला. मुंबई सिटीसारखा क्लब आहे, ज्यात २०१९ साली आबुधाबीवाल्यांचा पैसा आला आणि ज्याच्या पुरुषांनी लीगच्या ट्रॉफ्या जिंकल्या. पण पोरींच्या त्या लीगमध्ये मुंबई नाही, पुणे नाही, नागपूर नाही, फुटबॉलवेडं म्हणवणारं कोल्हापूर नाही. महाराष्ट्राच्या पोरीनं धंदेवाईक फुटबॉल खेळायचं तर महाराष्ट्राबाहेर जायचं. बांधकामावरच्या मजुरासारखं. ऊसतोड टोळीसारखं.

वर गंमत बघा. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाचं नाव काय? राजमाता जिजाबाई ट्रॉफी! जिंकतं कोण? मणिपूर. वीसहून जास्त वेळा. नाव आमच्या जिजाऊंचं, घाम मणिपुरी पोरींचा. आणि त्या पोरी कुठून येतात? मे २०२३ पासून ज्यांचं राज्य जळत होतं, घरं जळत होती, तिथून. पायलबरोबर थायलंडला गेलेल्या बाकीच्या दोन गोलकीपर, पंथोई चानू आणि मोनालिशा देवी, दोघी मणिपूरच्या. जिजाऊंचं नाव घेऊन छाती फुगवणाऱ्यांना जिजाऊंच्या लेकींसाठी एक क्लब काढता येत नाही, मग पुतळ्यांची उंची तेवढी वाढवत बसतात.

संघात तीन गोलकीपर, गोल एक. मैदानात एकच उतरते. बाकीच्या दोघी रोज तेवढीच उडी घेतात, तेवढाच मार खातात, पहिलीला सरावात चेंडू मारून तयार करतात आणि सामन्याच्या वेळी बाकावर बसतात. पुढं खेळणारी बदली म्हणून साठाव्या, सत्तराव्या मिनिटाला तरी उतरते. राखीव गोलकीपर उतरायची तर पहिली जखमी व्हावी लागते, नाहीतर तिला लाल कार्ड मिळावं लागतं. जिच्याशी रोज जेवायचं तिचं हाड मोडलं तरच आपल्याला काम. हा धंदा मी ओळखतो. आमच्यात त्याला बदली कामगार म्हणतात. पाळी सुरू व्हायच्या आधी गेटवर येऊन उभं राहायचं, मुकादमाच्या तोंडाकडं बघायचं. टोळीतला कुणी आला नाही तर तुझा नंबर. नाही तर घरी जा, चहाचे पैसे तुझे तू दे.

पण याच गोदीत एक कायदा होता. १९४८ चा, गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा. तो असाच आला नाही. रोजंदारीवरच्या माणसाला माणूस म्हणून मोजा, यासाठी आमच्या आधीची पिढी झगडली. कामगाराची नोंद झाली, मंडळ आलं, किमान दिवसांची मजुरी ठरली. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हजेरीभत्ता. माणूस कामाला हजर आहे आणि बोटीच नाहीत, तर तो त्याचा गुन्हा नाही. हजर राहिला त्याचे पैसे द्या. १९९४ साली मुंबईचं ते मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. पुढं कंटेनर आले, ठेकेदार आले, आणि आज आमच्यासारख्या ठेक्यावरच्या पोरांना हजेरीभत्ता म्हणजे काय ते म्हाताऱ्यांना विचारावं लागतं. तरी गोष्ट खरी आहे, हे होऊ शकत होतं, होतंही.

म्हणून माझी मागणी गोदीतली आहे. फुटबॉलच्या पोरींची नोंद करा. लीगमध्ये नाव घातलं की वर्षाचे बारा महिने पगार, दहाच काय, पंचविसाव्या पोरीलासुद्धा. राखीव गोलकीपरला हजेरीभत्ता. हाड मोडलं तर इलाज क्लबानं करायचा आणि पगार चालू ठेवायचा. करार तिला वाचता येईल अशा भाषेत. यात क्रांती काही नाही, साधी मजुरी आहे. मजुरी म्हटलं की महासंघाच्या साहेबांच्या कपाळावर आठी का येते? ते म्हणतात, खेळ ही साधना आहे. साहेब, साधना तुम्ही करा, विमानाच्या पुढच्या रांगेत बसून.

थायलंडहून परतलेल्या संघाला महासंघानं पन्नास हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं. त्या वेळच्या भावानं त्रेचाळीस लाखांच्या आतबाहेर. तेवीस जणींत वाटा, माणशी दोन लाखसुद्धा भरत नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पोरींनी क्रिकेटचा विश्वचषक आणला आणि महाराष्ट्र सरकारनं स्मृती मानधना, जेमिमा रॉड्रिग्ज, राधा यादव यांना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले. द्यायलाच हवे होते. राधा यादव तर कांदिवलीच्या भाजीवाल्याची लेक, तिच्या प्रत्येक रुपयाला आमचा सलाम. तिच्या ताटातलं काढून फुटबॉलवालीला द्या असं मी म्हणत नाही. पोरींना आपसात झुंजवायचा खेळ आम्ही ओळखतो. सवाल एवढाच आहे, की तिजोरी उघडता येते हे तर दिसलं. मग फुटबॉलच्या वेळी चावी कुणाच्या कमरेला असते?

सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के राखीव जागा आहेत. फार छान. त्या जागांवर ट्रॅम्पोलिनची बोगस सर्टिफिकिटं दाखवून माणसं चिकटली, ते प्रकरण विदर्भ-मराठवाड्यात गाजलं. ज्यांनी जन्मात ट्रॅम्पोलिन बघितला नाही ते खुर्चीत जाऊन बसले. एरवी राखीव जागा म्हटलं की 'गुणवत्ता, गुणवत्ता' करून छाती बडवणाऱ्यांनी तेव्हा कुठं दात लपवले होते?

पैशाहून वाईट गोष्ट वेगळी. पोरींचं शरीर. जुलै २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या पोरींच्या संघाच्या सहप्रशिक्षकाला लैंगिक गैरवर्तनावरून काढावं लागलं. संघ तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर होता, घरापासून हजारो मैल. मार्च २०२४ मध्ये गोव्यात खालच्या लीगसाठी आलेल्या हिमाचलच्या क्लबातल्या पोरींनी महासंघाच्याच एका कार्यकारिणी सदस्यावर मारहाणीची तक्रार केली, त्याला अटक झाली. पोरी रात्री अंडी उकडत होत्या, म्हणून. खेळून आलेल्या पोरीनं अंडं खाल्लं हा गुन्हा! आईबाप पोरीला का पाठवत नाहीत म्हणून जे संशोधन करतात, त्यांनी या दोन तारखा आधी वहीत लिहाव्यात. आमच्या आया अडाणी असतील, आंधळ्या नाहीत.

जुना इतिहासही असाच. या देशातल्या बायका १९८० साली कालिकतला आशियाई स्पर्धेत दुसऱ्या आल्या, १९८३ साली बँकॉकला पुन्हा दुसऱ्या. त्या काळात मोठ्या महासंघानं त्यांना आपलं म्हटलंसुद्धा नव्हतं, त्यांची संघटना वेगळी होती. १९९० नंतर महासंघानं त्यांना पदरात घेतलं आणि पदराखालीच ठेवलं. जानेवारी २०२२ मध्ये आशिया कप आपल्या महाराष्ट्रातच झाला, नवी मुंबई, मुंबई, पुणे. नेरूळच्या स्टेडियमवर इराणशी ०-०. त्या दिवशी गोलात अदिती चौहान होती. मग करोना शिरला, तैवानसमोर तेरा पोरी उभ्या करता आल्या नाहीत आणि घरचा संघ घरच्या स्पर्धेतून बाद. कुणाचं काही गेलं नाही. गेली ती पोरींची चार वर्षं.

अदिती चौहानचं नाव आलंच आहे तर सांगतो. ती २०१५ साली इंग्लंडात वेस्ट हॅमकडून खेळली, तिथल्या लीगमध्ये उतरलेली पहिली भारतीय बाई. २०२५ मध्ये ती निवृत्त झाली. आता वेस्ट हॅम म्हणजे काय? थेम्स नदीवर जहाजं बांधणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी १८९५ साली काढलेला संघ, त्याचा हा क्लब. त्यांच्या बिल्ल्यावर आजही हातोडे आहेत. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आपल्यातलेच काही शहाणे म्हणतात, 'फुटबॉल काय घेऊन बसलास? पोटाचं बघ, चळवळीचं बघ. खेळ ही भरल्या पोटाची चैन.' अरे, हा खेळ मोठा केला तो कुणी? पहिल्या महायुद्धात इंग्लंडच्या प्रेस्टन गावात दारूगोळ्याच्या कारखान्यात राबणाऱ्या पोरींनी डिक कर लेडीज नावाचा संघ काढला. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलमध्ये, गोदीवाल्यांच्या शहरात, त्यांचा सामना बघायला ५३ हजार माणूस आलं. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉलच्या साहेबांनी बायकांना आपल्या मैदानांवर बंदी घातली. म्हणे, हा खेळ बायकांना शोभत नाही. बंदी पन्नास वर्षं टिकली. चैनीच्या गोष्टीवर कुणी पन्नास वर्षं बंदी घालतं? कामगार बाईच्या पायामागं ५३ हजार माणूस उभा राहतो, हे बघून त्यांची तंतरली.

आणि मैदानावर जात नसते असं ज्यांना वाटतं त्यांनी पळवणकर बाळू आठवावा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतलेला गोलंदाज. पुण्यात त्याच्याच जिवावर जिंकायचे, आणि चहा त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडू त्याच्या हातचा चालायचा, कप चालत नव्हता. हिंदू संघाचा कप्तान तो कधीच झाला नाही, भाऊ विठ्ठलला ते मिळायला १९२३ उजाडलं. फार जुनं झालं? मग ऑगस्ट २०२१ घ्या. ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारतीय बायका अर्जेंटिनाशी हॉकीत हरल्या, आणि हरिद्वारजवळ वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके वाजवून जातीवरून शिव्या दिल्या गेल्या. चार दिवस आधी त्याच वंदनानं तीन गोल मारले होते. जिंकली तर देशाची लेक, हरली की जात.

पायलबद्दल मी लिहितोय म्हटल्यावर टोळीतल्या दोघा-तिघांनी पहिला प्रश्न हाच केला, 'आपल्यातली का?' मी उत्तर दिलं नाही, इथंही देत नाही. ती गोलात उभी राहते, एवढी तिची ओळख पुरे. या खेळात दहा जणांना चेंडूला हात लावायची बंदी असते, लावला तर शिट्टी वाजते. हातानं शिवायची मुभा एकटीला. आमच्या पोरांना हे सांगितलं की ती हसतात, आणि मग एकदम गप्प होतात.

आता शेवटचं, आणि हे आपल्याच भावांसाठी आहे, बाहेरच्यांसाठी नाही. सरकारला, महासंघाला, क्लबांच्या मालकांना शिव्या देणं सोपं आहे, मी चार पानं दिल्याच. पण आपल्या वस्तीतलं मैदान कुणाच्या ताब्यात आहे? मैदान कसलं, तीन बाजूंनी गटार आणि मधे मोकळी जागा. सकाळी क्रिकेट, तुमचं. दुपारी गाड्या उभ्या, तुमच्या. संध्याकाळी व्हॉलीबॉलचं जाळं, तुमचंच. रात्री पत्त्यांचा अड्डा. पोरगी तिथून पाण्याचा हंडा घेऊन जाते, थांबली तर दहा डोळे मागं लागतात. जयंतीच्या फ्लेक्सवर सावित्रीमाईचा फोटो बापमाणसाच्या शेजारी लावता, खाली तुमची पन्नास नावं, टोपणनावांसकट. त्यातल्या एकानं तरी बहिणीला सांगितलंय का, जा, खेळ, हंडा मी भरतो? 'झुंड' सिनेमाला २०२२ साली टोळकं करून गेलात, शिट्ट्या मारल्यात. नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरं मैदानात उतरली तेव्हा तुमच्याही डोळ्यांत पाणी आलं, मी बघितलं. बाहेर आल्यावर त्याच रात्री मैदानावर पोरी दिसल्या तर 'ए, घरी जा' कोण ओरडलं?

बाहेरच्यानं दार लावलं तर लाथ मारता येते. घरातल्यानं आतून कडी लावली तर पोरीनं कुणाला लाथ मारायची?

म्हणून आमच्या वस्तीपुरतं ठरलंय. शेडमधून टाकून दिलेले लाकडी दांडे आणून दोन गोलखांब पुरले, चोवीस फूट अंतर टेपनं मोजून. तोंडासमोरची खडी वेचून काढली, त्यावर लाकडाचा भुसा आणि जुन्या गोण्या अंथरल्या, पडणाऱ्या पोरीचं कातडं राहावं म्हणून. हातमोज्यांचे दोन जोड टोळीनं वर्गणी काढून घेतले, वर्गणी न देणाऱ्यांची नावं माझ्याकडं आहेत. रोज संध्याकाळी पाच ते सात मैदान पोरींचं. त्या वेळेत तिथं गाडी लावायची नाही, पत्ते मांडायचे नाहीत, कडेला उभं राहून फालतू बोलायचं नाही. ज्याची हरकत असेल त्यानं माझी पाळी सुटल्यावर मला भेटावं.